खऱ्या ग्राहकाला अडवणारी आणि मॅजिस्कला सोडून देणारी रूट-तपासणी : दोष कसा शोधावा

बँक, पतसंस्था, शेअर दलाली किंवा विमा अशा पैशांशी संबंधित ॲपवर काम करणाऱ्या बहुतेक संघांकडे ही तक्रार ठरावीक काळाने येते आणि ती बहुधा जोडीनेच येते. एकीकडे ग्राहक सेवा विभाग कळवतो, की ज्यांनी फोनशी कधीही छेडछाड केलेली नाही अशा ग्राहकांना ॲप उघडताच 'आपले डिव्हाइस रूट केलेले असल्याने ही सेवा उपलब्ध नाही' असा संदेश दिसतो. (रूट करणे म्हणजे उत्पादकाने घातलेली बंधने दूर करून फोनच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवणे.) दुसरीकडे सुरक्षा-परीक्षण करणारी संस्था आपल्या अहवालात स्क्रीनशॉटसह दाखवून देते, की मॅजिस्क (फोन रूट करून ते लपवूही शकणारे साधन) बसवलेल्या फोनवर हेच ॲप विनाअडथळा चालते. मग घाईघाईने आणखी दोन तपासण्या जोडल्या जातात आणि नवी आवृत्ती निघते. पुढच्या महिन्यात पहिल्या प्रकारच्या तक्रारी वाढलेल्या असतात, दुसऱ्या प्रकारची त्रुटी मात्र जिथल्या तिथे असते.

या दोन्ही तक्रारी एकाच रचनेतून निघतात. ॲप फोनबद्दलचे प्रश्न त्याच फोनला विचारते, मिळालेल्या उत्तरावर त्याच फोनवर निर्णय घेते आणि तो निर्णय 'हो' किंवा 'नाही' एवढाच असतो; म्हणजे आरोपीलाच पंच नेमण्याचा हा प्रकार आहे. प्रामाणिक फोन खरे बोलतो आणि त्यातल्या एखाद्या निरुपद्रवी खुणेमुळे अडकतो, तर बदललेला फोन शिकवल्याप्रमाणे खोटे बोलतो आणि सुटतो. पुढील विवेचन मुख्यतः अँड्रॉइडविषयी आहे, कारण तक्रारींचा मोठा भाग तिथूनच येतो. आयफोनचा विचार नंतर थोडक्यात केला आहे.

तपासणीच काढून टाकावी, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. भारतातील विनियमित संस्थांना तो सहसा परवडणारा नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षा नियंत्रणांविषयी जे मुख्य निर्देश काढले, त्यांत फोन किमान अटी पूर्ण करत असेल तरच ॲप बसू किंवा चालू द्यावे, अशी अपेक्षा आहे, आणि दूरस्थ ताबा देणारी ॲप शक्य तितपत ओळखून अशा वेळी लॉगिन रोखावे, असेही सांगितले आहे. त्यामुळे तपासणी करायची की नाही हा प्रश्न उरत नाही. ती कुठे करायची आणि तिच्या निकालाचे काय करायचे, हा उरतो.

आधी नोंद, मग दुरुस्ती

बहुतेक ॲपमध्ये दहा-पंधरा तपासण्या एका फंक्शनमध्ये 'किंवा' लावून जोडलेल्या असतात आणि बाहेर एकच उत्तर येते. तक्रार आली की कोणत्या तपासणीने बोट दाखवले, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून दुरुस्तीही अंदाजाने होते. पहिले काम असे, की प्रत्येक तपासणीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि ॲपने सर्व्हरला एकत्रित उत्तराऐवजी क्रमांकवार निकाल पाठवावा. सोबत फोनचे मॉडेल, बिल्डचा फिंगरप्रिंट (फोनमधील प्रणालीच्या नेमक्या आवृत्तीची ओळखखूण), अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा पॅचची तारीख आणि ॲप कुठून बसवले गेले, एवढी माहिती पुरेशी असते. ग्राहकाच्या फोनमधील सगळ्या ॲपची यादी गोळा करण्याचा मोह टाळावा. निदानासाठी तिची गरज नसते आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ती यादी बाळगणे म्हणजे विनाकारण जोखीम पत्करणे आहे.

ही नोंद हाती आली, की आकृतिबंध बहुधा लगेच दिसतो. एकच तपासणी एकाच मॉडेलच्या आणि एकाच फिंगरप्रिंटच्या पुष्कळ फोनांवर लागत असेल आणि बाकी सर्व तपासण्या स्वच्छ असतील, तर तो उत्पादकाच्या बिल्डचा गुण आहे, ग्राहकाचा दोष नाही. खरोखर रूट केलेले फोन याच्या उलट दिसतात : ते निरनिराळ्या मॉडेलांमध्ये विखुरलेले असतात आणि त्यांवर दोन-तीन तपासण्या एकत्र लागलेल्या असतात. कोणतीही नवी तपासणी आधी केवळ नोंद करण्याच्या अवस्थेत प्रसिद्ध करावी, आणि ती कोणत्या मॉडेलवर किती वेळा लागते हे पाहून मगच तिला अडवण्याचा अधिकार द्यावा. एवढा एक नियम पाळला तरी पहिल्या प्रकारच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात घटतात, असा अनुभव आहे.

खोटे इशारे कुठून येतात

सर्वांत जुना आणि अजूनही आढळणारा दोषी म्हणजे बिझीबॉक्स. रूट करणारे लोक लिनक्सच्या अनेक आज्ञा एकत्र देणारी ही युटिलिटी वापरत असत म्हणून ती सापडली की फोन रूट केलेला, असा तर्क रूढ झाला. प्रत्यक्षात काही उत्पादकांनी आपल्या मूळ रॉममध्येच (फोनसोबत येणाऱ्या प्रणालीत) ही फाइल ठेवून दिलेली होती. रूटबीअर या मुक्तस्रोत लायब्ररीने याच कारणासाठी बिझीबॉक्सची तपासणी आपल्या मुख्य फंक्शनमधून वेगळी केली आणि वनप्लसच्या फोनांचा उदाहरणादाखल उल्लेखही केला. तरीही जुन्या कोडमध्ये बिझीबॉक्ससह तपासणारे फंक्शन वापरलेले आढळते, कारण कोणीतरी कधीतरी 'जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षा' असे गृहीत धरलेले असते. ते फंक्शन बदलणे हे एका ओळीचे काम आहे.

दुसरी खूण 'टेस्ट-कीज' या टॅगची; प्रणालीवर कोणत्या प्रकारच्या किल्लीने डिजिटल सही झाली, हे तो सांगतो. स्रोतापासून स्वतः बांधलेल्या अँड्रॉइडवर हा टॅग असतो आणि अधिकृत बिल्डवर 'रिलीज-कीज' असावा, अशी अपेक्षा असते. परंतु काही उत्पादकांची अधिकृत बिल्डही या अपेक्षेला उतरत नाहीत, आणि उलट स्वतःच्या किल्लीने सही केलेल्या रॉमवर 'रिलीज-कीज' असू शकते. शिवाय हा टॅग म्हणजे केवळ एक मजकूर आहे, जो रूट असलेल्या माणसाला सहज बदलता येतो. या खुणेला नोंदीत स्थान द्यावे, निर्णयात देऊ नये.

तिसरे कारण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सिस्टिम विभाग लिहिण्यायोग्य म्हणून माउंट झाला (म्हणजे जोडला गेला) आहे का, हे पाहण्यासाठी ॲप 'माउंट' ही आज्ञा चालवते आणि तिच्या उत्तरातील प्रत्येक ओळीचे शब्द तोडते. अँड्रॉइड ६ पर्यंत ओळीत आधी उपकरण, मग जागा, मग फाइल-सिस्टिमचा प्रकार आणि चौथ्या स्थानी पर्याय असा क्रम होता. अँड्रॉइड ७ पासून तीच ओळ 'उपकरण ऑन जागा टाइप प्रकार' अशी होऊन शेवटी कंसात पर्याय येऊ लागले. जुन्या क्रमाने वाचणारा कोड आता दुसऱ्या स्थानी जागेऐवजी 'ऑन' हा शब्द वाचतो, तो कोणत्याही जागेशी जुळत नाही, आणि तपासणी कधीच लागत नाही. कोणतीही चूक नोंदली जात नाही आणि सर्व आलबेल आहे असा समज होतो. काहींनी यावर उपाय म्हणून ओळीत कुठेही 'आरडब्ल्यू' (रीड-राइट, म्हणजे लिहिण्यायोग्य) ही अक्षरे शोधायला सुरुवात केली. डेटा विभाग तर लिहिण्यायोग्यच असावा लागतो, त्यामुळे अशा कोडला प्रत्येक निरोगी फोन संशयास्पद वाटू शकतो. एकाच तपासणीतून दोन्ही प्रकारच्या तक्रारी कशा जन्मतात, याचा हा नमुना आहे. जागा आणि पर्याय स्वतंत्रपणे वाचावेत, पर्याय स्वल्पविरामावर तोडून पूर्ण शब्द जुळवावा, आणि हे जमत नसेल तर ही तपासणी वगळावी.

यूएसबी डीबगिंग किंवा डेव्हलपर पर्याय चालू असणे म्हणजे रूट नव्हे, हे लिहावे लागते याचे आश्चर्य वाटते. पण अनेक ॲप दोन्हींसाठी तोच संदेश दाखवतात. संगणकशास्त्राचे विद्यार्थी, ॲनिमेशनचा वेग कमी करण्यासाठी ही सेटिंग उघडणारे हौशी लोक आणि दुरुस्तीच्या दुकानातून परत आलेले फोन या जाळ्यात सापडतात. धोरण म्हणून डीबगिंग रोखायचेच असेल तर संदेश वेगळा हवा आणि त्यात ते बंद कसे करावे हे सांगितलेले हवे, म्हणजे ग्राहक स्वतःच मार्ग काढू शकेल.

ॲपची दुसरी प्रत चालवणाऱ्या आभासी ॲपना ओळखण्यासाठी स्वतःच्या फोल्डरचा मार्ग तपासण्याची पद्धत आहे. 'डेटा/युझर/०' ने सुरू न होणारा प्रत्येक मार्ग संशयास्पद मानला, की कार्यालयाने दिलेल्या वर्क प्रोफाइलमधील (फोनवरच्या कामाच्या ॲपसाठीच्या वेगळ्या कप्प्यातील) ग्राहक अडकतात, कारण तिथे वापरकर्त्याचा क्रमांक सहसा १० किंवा त्यापुढचा असतो. ही अँड्रॉइडची अधिकृत सोय आहे. क्रमांक शून्य आहे का हे न पाहता, मार्गामध्ये दुसऱ्याच ॲपचे पॅकेज-नाव (प्रणालीतील त्याची ओळख) शिरले आहे का, हे पाहिले तर हेतू साधतो.

रूट केलेले फोन का निसटतात

पहिले कारण विचित्र आहे, कारण त्यात हल्लेखोराचा काहीच हात नाही. मॅजिस्क, सुपरएसयू आणि तत्सम ॲप बसवलेली आहेत का, हे त्यांच्या पॅकेज-नावांवरून पाहणारी तपासणी बहुतेकांकडे असते. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे ॲपचा लक्ष्य-स्तर (ते अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बांधले आहे, तो आकडा) ३० किंवा अधिक असेल तेव्हा, एका ॲपला दुसरी ॲप आपोआप दिसत नाहीत. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती प्रणालीला देणाऱ्या फाइलमध्ये) 'क्वेरीज' या घटकाखाली नावे नोंदवली नसतील तर बसवलेले ॲपही 'सापडले नाही' असेच उत्तर येते. प्ले स्टोअरने नोव्हेंबर २०२१ पासून अद्ययावत आवृत्त्यांसाठी हा स्तर बंधनकारक केला. त्या वेळी केवळ अट पूर्ण करायची म्हणून अनेक संघांनी आकडा बदलला आणि त्यांची ही तपासणी त्या दिवसापासून निर्जीव झाली. आपल्या ॲपचे तसे झाले आहे का हे पाहायचे असेल, तर चाचणीच्या फोनवर यादीतील एखाद्या पॅकेज-नावाचे रिकामे ॲप बनवून बसवावे आणि तपासणी लागते का ते पाहावे. दुरुस्ती म्हणून नेमकी नावे मॅनिफेस्टमध्ये लिहावीत. सर्व पॅकेज पाहण्याची सरसकट परवानगी मागू नये, कारण तिच्यावर प्ले स्टोअरचे वेगळे निर्बंध आहेत.

अर्थात एवढे करूनही हाती फारसे लागत नाही. मॅजिस्कच्या व्यवस्थापक ॲपला वेगळे नाव देऊन लपवण्याची सोय त्याच्यातच आहे. २०१६ मध्ये आलेल्या या साधनाचे वैशिष्ट्य असे, की ते सिस्टिम विभागाला हात लावत नाही. बूट इमेज (फोन सुरू होताना वाचली जाणारी फाइल) बदलून हवे ते बदल ते वरून चढवते. २०२२ च्या सुमारास त्याची जुनी लपवण्याची सोय काढून तिच्या जागी झिजिस्क (ॲपच्या प्रक्रियांत कोड चालवू देणारी सोय) आणि डिनायलिस्ट आले. डिनायलिस्टमध्ये टाकलेल्या ॲपच्या प्रक्रियेपुरते हे बदल काढून घेतले जातात, म्हणून त्या ॲपने 'एसयू' ही रूटचा ताबा देणारी फाइल शोधली तर ती खरोखरच तिथे नसते. कर्नलएसयू हे दुसरे साधन याहून खाली, थेट कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) काम करते आणि ज्या ॲपना परवानगी दिली आहे त्यांनाच 'एसयू' दिसू देते. फाइल शोधणारा कोड कितीही मार्ग तपासो, त्याला प्रामाणिक 'नाही' मिळते.

उरलेले लोक फाइल लपवण्याच्याही भानगडीत पडत नाहीत. चालू ॲपमध्ये कोड घुसवणाऱ्या फ्रिडासारख्या साधनाने तुमच्या तपासणी-फंक्शनचे उत्तरच बदलून टाकता येते, किंवा ॲपचा कोड उलगडून ते फंक्शन रिकामे करून पुन्हा बांधता येतो. एका नावाचे, एका जागी असलेले आणि 'बूलियन' (हो किंवा नाही) परत करणारे फंक्शन हे त्यांचे काम सोपे करते. फ्रिडाचे नेहमीचे पोर्ट २७०४२ उघडे आहे का हे पाहणे किंवा प्रक्रियेच्या मेमरी-नकाशात तिचे नाव शोधणे, या उपायांनी नवशिके अडतात, सरावलेले नाहीत. तपासण्या नेटिव्ह (थेट प्रोसेसरवर चालणाऱ्या) कोडमध्ये नेणे, त्या विखुरणे, कोड गुंतागुंतीचा करणे यांनी वेळ आणि खर्च वाढतो, आणि तेवढ्यापुरतेच त्यांचे मोल आहे. ओवास्प संस्थेच्या मोबाइल सुरक्षा मानकातही हे संरक्षण इतर नियंत्रणांच्या जागी नव्हे, तर त्यांच्या जोडीला असावे, अशीच भूमिका आहे. परीक्षण अहवालातील त्रुटी बंद करण्यासाठी महागडे संरक्षक साधन विकत घेऊन निर्णय पुन्हा फोनवरच ठेवणारे संघ पाहिले, की हा पैसा सर्व्हरच्या बाजूने खर्च झाला असता तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

निर्णय सर्व्हरवर नेताना होणाऱ्या चुका

यासाठी फोन आणि ॲप यांच्या खरेपणाची साक्ष देणारी गूगलची प्ले इंटिग्रिटी सेवा आहे. तिच्या आधीची सेफ्टीनेट ही सेवा २०२२ मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि २०२५ मध्ये बंद झाली; कोणाच्या जुन्या कोडमध्ये ती अजून असेल आणि अपयश आले की 'फोन सुरक्षित आहे' असे गृहीत धरले जात असेल, तर निसटण्याचे कारण शोधायला आणखी कुठे जाण्याची गरज नाही. नव्या सेवेत ॲप टोकन (निकाल असलेला कुलूपबंद मजकूर) मागते, ते जसेच्या तसे आपल्या सर्व्हरला देते आणि सर्व्हर ते उलगडून निकाल वाचतो. टोकन फोनवरच उलगडणारी किंवा सर्व्हरकडून आलेले 'ठीक आहे' हे उत्तर फोनवरच तपासून पुढे जाऊ देणारी अंमलबजावणी म्हणजे मूळचीच चूक नव्या वेष्टनात. पैसे हस्तांतरित करण्याची विनंती आणि टोकन एकत्र यावेत, विनंतीतील रक्कम व खाते यांचा हॅश (त्यांपासून गणिताने काढलेला ठसा) टोकनमध्ये बांधलेला असावा आणि हॅश जुळल्याशिवाय सर्व्हरने व्यवहार करू नये.

निकालात फोनसाठी तीन पायऱ्या महत्त्वाच्या आहेत : बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग. बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम) अनलॉक असलेला फोन बेसिक पायरी गाठू शकतो, म्हणून केवळ बेसिकवर समाधान मानणारा सर्व्हर रूट केलेल्या फोनांना दार उघडे ठेवतो. डिव्हाइस ही पायरी बहुतेक वित्तीय ॲपसाठी योग्य आहे. स्ट्राँगबाबत मात्र मे २०२५ नंतर एक नवाच तक्रारींचा ओघ सुरू झालेला दिसू शकतो : अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनांवर डिव्हाइस पायरीसाठी हार्डवेअरच्या आधारे साक्ष घेतली जाऊ लागली आणि स्ट्राँगसाठी गेल्या वर्षभरात सुरक्षा अपडेट मिळालेले असणे आवश्यक झाले. ज्याच्या फोनला उत्पादकाने अपडेट देणे थांबवले आहे, अशा ग्राहकाने काहीही केलेले नसताना तो एके दिवशी अपात्र ठरतो. सर्व ग्राहकांकडून प्रत्येक वेळी स्ट्राँगची अपेक्षा करणे हे आपल्याकडील फोनांचे आयुष्य पाहता अव्यवहार्य आहे. नवे उपकरण नोंदवणे किंवा मोठ्या रकमेचा नवा लाभार्थी जोडणे अशा क्षणांपुरता तिचा विचार करता येईल.

यापेक्षाही जास्त गोंधळ चुका आणि निकाल यांत फरक न केल्याने होतो. नेटवर्क नाही, प्ले स्टोअर जुने आहे, गूगलचा सर्व्हर उपलब्ध नाही, विनंत्या फार झाल्या, या सर्व परिस्थितींत टोकनच मिळत नाही. टोकन न मिळणे म्हणजे फोन रूट केलेला असणे नव्हे. एका ॲपला मुळात दिवसाला १०,००० विनंत्यांची मर्यादा असते. ती वाढवून घेतलेली नसेल आणि ॲप उघडताना प्रत्येक वेळी टोकन मागितले जात असेल, तर पगाराच्या दिवशी दुपारपर्यंत मर्यादा संपते आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला 'रूट केलेला फोन' असा संदेश मिळतो. तक्रारी महिन्याच्या पहिल्या तारखेभोवती आणि दिवसाच्या उत्तरार्धात एकवटत असतील, तर फोन तपासत बसू नये, कोटा तपासावा. मर्यादा वाढवण्याची विनंती गूगलकडे करता येते. तोवर टोकन लॉगिन आणि व्यवहार यांपुरते मागावे, आणि चूक आल्यास वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करावा.

चाचणी विभागाकडून येणारी 'आमच्या सर्वच फोनांवर ॲप अडते' ही तक्रार बहुधा ॲपच्या ओळखीची असते, फोनची नव्हे. थेट लिंकवरून बसवलेली किंवा डीबग किल्लीने सही केलेली आवृत्ती गूगलला अनोळखी असते आणि निकालात तसा उल्लेख येतो. प्ले स्टोअरच्या अंतर्गत चाचणी मार्गाने ती वाटली, की प्रश्न सुटतो. ज्या फोनांवर गूगलच्या सेवाच नाहीत, किंवा ज्यांवर ग्राफीनओएससारखी लॉक केलेल्या बूटलोडरची पर्यायी प्रणाली आहे, त्यांच्यासाठी हार्डवेअर की-अटेस्टेशन थेट वापरता येते : फोनची सुरक्षित चिप एका किल्लीसोबत प्रमाणपत्रांची साखळी देते आणि तीत बूटलोडर लॉक आहे का, बूट कोणत्या किल्लीने पडताळले गेले, हे लिहिलेले असते. साखळी गूगलच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचते का हे पाहून थांबू नये. रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची यादीही तपासावी, कारण उत्पादकांच्या फुटलेल्या किल्ल्या वापरून खोटी साक्ष देणारे मॉड्यूल चलनात आहेत. ही यादी एकदा उतरवून कायमची ठेवली, की तिचा उपयोग संपतो.

सापडल्यावर काय करावे

निर्णय सर्व्हरवर आला, की 'हो-नाही' ऐवजी पायऱ्या ठेवता येतात. शिल्लक पाहणे, तक्रार नोंदवणे, कार्ड बंद करणे या गोष्टी डिव्हाइस पायरी न गाठणाऱ्या फोनवरही सुरू ठेवाव्यात. कार्ड हरवलेल्या माणसाला रूट-तपासणीने कार्ड बंद करू दिले नाही, तर सुरक्षेच्या नावाखाली नुकसानच होते. व्यवहारांची मर्यादा कमी करणे, जादा पडताळणी मागणे आणि शेवटी व्यवहार रोखणे असा चढता क्रम असावा, आणि प्रत्येक पायरीचे निकष संस्थेच्या लेखी धोरणात असावेत, म्हणजे परीक्षकाला दाखवता येतात.

इथे एक विषयांतर आवश्यक वाटते. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून वाहतूक चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या एपीके (अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या) फाइलींनी ज्यांची खाती रिकामी होतात, त्यांचे फोन रूट केलेले असण्याची काहीच गरज नसते. एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचून त्यावर क्रिया करू देणारी) परवानगी मिळाली, की काम भागते. डिव्हाइस पायरी गाठलेला फोन म्हणजे निर्धोक फोन नव्हे. प्ले इंटिग्रिटीच्या निकालात पडदा टिपणारी किंवा फोनचा ताबा घेऊ शकणारी ॲप चालू आहेत का, आणि प्ले प्रोटेक्टची (घातक ॲप शोधणाऱ्या गूगलच्या सोयीची) स्थिती काय आहे, हे सांगणारे भाग प्ले कन्सोलमधून (ॲप-निर्मात्यांसाठीच्या गूगलच्या संकेतस्थळावरून) सुरू करता येतात. रूट-तपासणीवर जेवढे मनुष्यबळ खर्च होते, त्यातले थोडे इकडे वळवले तर रिझर्व्ह बँकेची दूरस्थ ताब्याविषयीची अपेक्षाही त्याच हाताने पूर्ण होते.

आयफोनबाबत थोडेसे

आयफोनवर खोटे इशारे कमी येतात, पण येतात ते दोन ठिकाणांहून. 'सिडिया' (जेलब्रेक म्हणजे रूटसारखा बदल केलेल्या आयफोनवरील ॲपचे दुकान) या नावाची लिंक उघडता येते का हे पाहणारी तपासणी विश्वासार्ह नाही, कारण कोणतेही साधे ॲप ती लिंक आपल्या नावावर नोंदवू शकते. दुसरे म्हणजे ॲपलच्या चिपवरील मॅक संगणकावर आयफोनचे ॲप चालते तेव्हा 'बिन' फोल्डरात 'बॅश' (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) असणे अगदी स्वाभाविक असते, आणि ती फाइल सापडली की जेलब्रेक, असे मानणारा कोड तिथे हमखास चुकतो. ॲप मॅकवर चालू आहे का हे आयओएस १४ पासून विचारता येते, ते आधी विचारावे. निसटण्याचे मुख्य कारण असे, की जुन्या याद्यांमधील मार्ग मूळ फोल्डरांखालचे आहेत, तर डोपामाइनसारखी नवी 'रूटलेस' जेलब्रेक आपल्या फाइली 'व्हार' खालील 'जेबी' या फोल्डरात ठेवतात. ॲपलची ॲप अटेस्ट सेवा विनंती खऱ्या ॲपकडून आली आहे याची साक्ष देते. फोन जेलब्रेक केलेला आहे की नाही हे ती सांगत नाही, म्हणून तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

ग्राहक सेवेच्या टेबलावर

अडवलेल्या ग्राहकाला दिसणाऱ्या संदेशात एक लहानसा संकेतांक असावा. तो तपासणीचा नेमका प्रकार उघड करणारा नसावा, परंतु सर्व्हरवरील नोंदीपर्यंत नेणारा असावा. फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने तो पाहून प्रथम एवढेच ठरवावे, की ही टोकन न मिळाल्याची चूक आहे की फोनचा निकाल. चूक असेल तर प्ले स्टोअर अद्ययावत करून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यास सांगावे. ॲप काढून पुन्हा बसवण्याचा सरधोपट सल्ला इथे उपयोगी पडत नाही आणि ग्राहकाची नोंदणी मात्र पुन्हा करावी लागते.

फोनचा निकाल असेल तर दोन प्रश्न विचारावेत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमधील माहितीच्या भागात फोन प्रमाणित असल्याचे लिहिले आहे का, हा पहिला. फोन बंद करून चालू करताना सुरुवातीला बूटलोडर अनलॉक असल्याचा किंवा वेगळी प्रणाली चढवल्याचा इशारा काही क्षण दिसतो का, हा दुसरा. जुना फोन दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या किंवा दुकानात सॉफ्टवेअर मारून आणलेल्या ग्राहकांना हा इशारा रोज दिसत असतो आणि त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. अशा वेळी उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्रात मूळ सॉफ्टवेअर बसवून मग बूटलोडर लॉक करून घ्यावा, असे सांगावे; क्रम उलटा झाला आणि बदललेली प्रणाली असतानाच बूटलोडर लॉक केला तर फोन सुरूच न होण्याची शक्यता असते. लॉक करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, तेव्हा फोटो आणि संपर्क आधी दुसरीकडे घ्यायला सांगणे हेही कर्मचाऱ्याच्या त्याच संभाषणात यायला हवे.